काचबिंदूचं ऑपरेशन शहरात, पुढची तपासणी तालुक्यात: ट्रॅब आणि ट्यूबनंतर नक्की काय बघायचं?

तालुका_नेत्र (प्रश्न)

आमच्याकडे मोतीबिंदू रोज होतो, काचबिंदूचं ऑपरेशन होत नाही. ते पेशंट पुण्या-मुंबईला जातात. पण दर आठवड्याला तिकडे फेरी मारणं त्यांना झेपत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांत कार्ड घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. कार्डावर एवढंच: 'ट्रॅब + एमएमसी, डावा डोळा' किंवा 'एएडीआय, उजवा'. (ट्रॅब म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी, डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला नवी वाट करायचं ऑपरेशन; एमएमसी म्हणजे मायटोमायसिन, वण कमी धरावा म्हणून लावायचं औषध; एएडीआय म्हणजे पाणी बाहेर नेणारी ट्यूब.) माझ्याकडे अप्लनेशन (प्रेशर मोजायला), गोनिओ (पाणी निघायचा कोन बघायची लेन्स), ९० डी (मागचा पडदा बघायची लेन्स), बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) आणि याग लेझर आहे. टाके कापायचं लेझर नाही.

१. ट्रॅबनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात प्रेशर २४-२६, ब्लेब (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येणारा पाण्याचा फुगा) सपाट. ड्रॉप्स चालू करायचे की परत पाठवायचं?
२. एएडीआयमध्ये महिनाभर प्रेशर तिशीच्या आसपास, मग एके दिवशी ४. असं होणार हे ठाऊक आहे, पण त्या आठवड्यात करायचं काय?
३. स्टेरॉइड किती दिवस? माझा हात मोतीबिंदूच्या सवयीने सहा आठवड्यांत थांबतो.

ब्लेब_वाला

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त ब्लेब तिथेच वाया जातात. मोतीबिंदूत जखम लवकर भरली तर आपण खूश. ट्रॅबमध्ये जखम पूर्ण भरली म्हणजे ऑपरेशन फसलं. कंजंक्टायव्हाखाली (डोळ्यावरच्या पातळ पडद्याखाली) वण धरू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच स्टेरॉइड. प्रेडनिसोलोन १ टक्का पहिले दोन आठवडे दर दोन तासांनी, मग सहा वेळा, मग चार, असं उतरवत एकूण दोन ते तीन महिने. वेग कॅलेंडरवर नाही, ब्लेबच्या लालीवर ठरवा. आठव्या आठवड्यातही ब्लेबवर वळणावळणाच्या बारीक रक्तवाहिन्या दिसत असतील तर कमी करू नका, वाढवा. ही बाटली सस्पेन्शनची असते. हलवल्याशिवाय टाकली तर वरचं पाणी डोळ्यात आणि औषध तळाशी.

आता पहिला प्रश्न. २४-२६ वर लगेच ड्रॉप्स नकोत. आधी गोनिओ. आतलं भोक दिसतंय का, त्यात आयरिस, रक्ताची गुठळी किंवा व्हिट्रिअस (डोळ्यातला मागचा जेलीसारखा भाग) अडकलंय का? भोक अडकलेलं असताना टाका सोडवून उपयोग शून्य. भोक मोकळं, चेंबर (कॉर्नियामागची पाण्याची जागा) खोल, ब्लेब सपाट असेल तर पाणी फ्लॅपच्या (भोकावर झाकण म्हणून शिवलेल्या पापुद्र्याच्या) टाक्यांवर अडलंय. पेशंटला खाली बघायला लावा आणि फ्लॅपच्या मागच्या कडेला पापणीवरून बोटाने हलका दाब द्या. ब्लेब उचलला आणि प्रेशर उतरलं तर वाट आहे, टाका मोकळा करायला हवा.

टाका रिलीजेबल (नंतर ओढून काढता येणारा) असेल तर लेझर लागतच नाही. १०-० नायलॉनचं टोक कॉर्नियात असतं. पॅराकेनचे थेंब, स्लिट लॅम्प, टायिंग फोर्सेप्स, एका ओढीत काम होतं. एका वेळी एकच टाका. अर्ध्या-पाऊण तासाने प्रेशर, ब्लेब आणि चेंबर परत बघा, मगच घरी सोडा. दोन टाके एकाच दिवशी काढले की दुसऱ्या दिवशी सपाट चेंबर समोर आलंच म्हणून समजा. टाके कायमचे बांधलेले असतील तर लेझर असलेल्या ठिकाणी त्याच आठवड्यात पाठवा. एमएमसी लावलेलं असेल तर वेळ थोडा जास्त मिळतो, नसेल तर दोन आठवड्यांनंतर कापलेल्या टाक्याचा फारसा फायदा होत नाही.

हे सगळं कार्डावर हवं हे तुमचं दुखणं रास्त आहे. फ्लॅपला टाके किती, त्यातले रिलीजेबल किती, एमएमसी किती ताकदीचं आणि किती मिनिटं, शेवटचं प्रेशर किती. आपल्याकडे २ मिलिग्रॅमची कुपी ५ मिलित विरघळवली तर ०.४, १० मिलित विरघळवली तर ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलि. ०.४ तीन मिनिटं लावलेल्या ब्लेबकडे गळतीच्या संशयाने जास्त बघावं लागतं. दोन ओळी लिहायला सर्जनला अर्धा मिनिट लागत नाही. फोन करून विचारा, लाजू नका.

प्लेट_आणि_ट्यूब

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. एएडीआय म्हणजे मदुराईच्या ऑरोलॅबची ट्यूब, २०१३ पासून मिळते. ३५० चौरस मिमीची सिलिकॉन प्लेट, झडप नाही. म्हणून सर्जन ट्यूबला ६-० किंवा ७-० व्हिक्रिलने गाठ मारून ती पूर्ण बंद करतो. गाठ विरघळेपर्यंत प्लेटभोवती आवरण तयार व्हावं आणि मग पाण्याला त्याचा अडथळा मिळावा, असा हिशेब. कार्डावर 'अहमद' लिहिलं असेल तर हे सगळं विसरा. त्यात झडप असते, प्रेशर पहिल्या दिवसापासून उतरतं आणि पहिल्या-दुसऱ्या महिन्यात आवरण जाड झाल्यावर परत चढतं. तिथे प्रेशर वर सरकू लागताच टिमोलॉल-डोर्झोलामाइड लवकर सुरू करणं बरं.

एएडीआयचं वेळापत्रक मी असं ठेवतो. गाठ सुटेपर्यंत आधीचे काचबिंदूचे ड्रॉप्स चालू. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रेशर अचानक वाढलं तर स्टेरॉइड रिस्पॉन्सही (स्टेरॉइडमुळेच प्रेशर वाढणं) मनात ठेवा, दर वेळी दोष ट्यूबचा नसतो. पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला पेशंट तुमच्यासमोर हवाच. डायमॉक्स (डोळ्यात पाणी कमी तयार व्हावं म्हणून द्यायची गोळी) चालू असेल तर आधी ते बंद, कारण गाठ सुटली त्याच दिवशी पाणी तयार होणंही दाबून ठेवलेलं असेल तर डोळा एकदम मऊ पडतो.

गाठ सुटली की प्रेशर ४-५, थोडी अंधुक नजर, कडेला उथळ चेंबर. सगळे ग्लॉकोमा ड्रॉप्स बंद, अ‍ॅट्रोपिन १ टक्का दिवसातून दोनदा, स्टेरॉइड दोन तासांवर. बी-स्कॅन करा. कोरॉइडखाली (पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराखाली) काळं, प्रतिध्वनी नसलेलं पाणी असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. दोन्ही बाजूंचे फुगे मधोमध टेकले असतील किंवा लेन्स कॉर्नियाला टेकली असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी पाठवा. आणि पेशंट 'रात्री खोकला आला आणि डोळ्यात भयंकर कळ आली, उलटी झाली' म्हणाला, तर बी-स्कॅनवर रक्त शोधा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मोठा मायोपिक डोळा, आधी झालेली व्हिट्रेक्टॉमी (व्हिट्रिअस काढायचं ऑपरेशन) यांत धोका जास्त. त्या आठवड्यात बद्धकोष्ठ आणि खोकला दोन्हींवर औषध द्या. पोती उचलणं, विहिरीचं पाणी शेंदणं बंद.

ऑप्टोम_ताई

डॉक्टरांच्या चिठ्ठीत नसलेल्या दोन चुका रोज दिसतात. एक, ऑपरेशन झालं म्हणून दोन्ही डोळ्यांचे ड्रॉप्स बंद. दुसऱ्या डोळ्याचे चालूच ठेवायचे असतात हे कोणी स्पष्ट सांगत नाही. याच्या उलट, जुनी बाटली ऑपरेशनच्या डोळ्यातही टाकत राहतात. बाटल्यांवर जाड पेनाने 'उजवा', 'डावा' लिहून द्या, दोन थेंबांत पाच मिनिटं सोडा. आणि या डोळ्यांवर शिओट्झ (डोळ्यावर ठेवून प्रेशर मोजायचं वजनी यंत्र) ठेवू नका, मऊ डोळा त्याने आणखी दाबला जातो.

ब्लेब असलेल्यांनी विहिरीत, नदीत डुबकी घ्यायची नाही, वर्षांनंतरही नाही. आषाढीला चंद्रभागेचं पाणी डोक्यावर घ्यावं, डोळे मिटून. लाली, चिकट पाणी, दुखणं यातलं काही आलं तर त्याच दिवशी यायचं, मेडिकलमधून थेंब आणून बघायचं नाही.

तालुका_नेत्र

खूप उपयोगी. अजून एक. मागे अँगल क्लोजर (पाणी निघायचा कोन बंद) असलेला ट्रॅबचा डोळा आला, पाचवा दिवस: चेंबर उथळ, पण प्रेशर ३४. गळती असेल म्हणून सायडेल केला, निगेटिव्ह.

ब्लेब_वाला

उथळ चेंबर आणि कमी प्रेशर असेल तर सायडेल आधी. फ्लुरोसीनची पट्टी ब्लेबवर, निळा प्रकाश, पाण्याची धार दिसते का बघा. गळती असेल तर मोठी बँडेज लेन्स, अँटिबायोटिक आणि पुढचे दिवस जवळून बघणं. धार जोरात असेल किंवा चेंबर भरत नसेल तर टाका. गळती नाही, ब्लेब मोठा आणि फुगलेला, तर जास्त निचरा.

उथळ आणि जास्त प्रेशर हे मात्र वेगळंच प्रकरण. त्यात तीनच शक्यता: इरिडेक्टॉमी (आयरिसमध्ये केलेलं भोक) बंद होऊन प्युपिलरी ब्लॉक (पाणी बाहुलीतून पुढे न येणं), कोरॉइडखाली रक्त, किंवा पाणी मागे व्हिट्रिअसकडे वळणं. इरिडेक्टॉमी आरपार आहे का बघा, नसेल तर यागने उघडा. बी-स्कॅन करून रक्त नाही याची खात्री करा. दोन्ही ठीक असतील तर पाणी मागे वळतंय. अ‍ॅट्रोपिन १ टक्का दिवसातून चार वेळा, डायमॉक्स, मॅनिटॉल २० टक्के शिरेतून, हृदय आणि किडनी बघून. पायलोकार्पिन चुकूनही नाही, त्याने लेन्स आणखी पुढे येते. लेन्स बसवलेला डोळा असेल तर तुमच्याच यागने कॅप्सूलच्या कडेबाहेरून व्हिट्रिअसचा पुढचा पडदा फोडता येतो, आणि चेंबर डोळ्यांदेखत खोल होतं. नैसर्गिक लेन्स असेल आणि औषधांना चार-पाच दिवसांत दाद मिळाली नाही, तर व्हिट्रेक्टॉमी.

सुधारल्यावर अ‍ॅट्रोपिन लगेच थांबवू नका. चेंबर खोल दिसतंय म्हणून दहाव्या दिवशी बंद केलं की बाराव्या दिवशी तोच डोळा परत तसाच येतो.

प्लेट_आणि_ट्यूब

आणि अँगल क्लोजर बहुधा छोट्या डोळ्यात होतो, म्हणून त्या पेशंटचा दुसरा डोळाही छोटाच असणार. तिथे ऑपरेशन ठरलं तर आधीच सर्जनला कळवा, कारण हीच गुंतागुंत तिथेही होऊ शकते.