पिकअप घ्यायचीय: बोलेरो, इंट्रा की दोस्त? शुक्रवारी टोकन द्यायचंय, लवकर सांगा

शिवारवाट (धागाकर्ता)
मंडळी, मदत हवी आहे. छोटा हत्ती काढून पिकअप घ्यायची आहे. वडील म्हणतात महिंद्राची बोलेरोच. मेव्हणा म्हणतो टाटाची इंट्रा घे, पैसे वाचतील. चुलत्यांकडे अशोक लेलँडची दोस्त आहे, ते दुसरं नावच ऐकून घेत नाहीत. दहा वर्षांपूर्वी आमच्या गावात सगळे छोटे हत्ती होते, आता दर दुसऱ्या दारात बोलेरो उभी आहे. म्हणजे तीच चांगली असणार ना? शोरूमवाला म्हणतो, शुक्रवारी टोकन आलं तरच या महिन्यात गाडी मिळेल. कृपया नाव सांगा, बाकी काही नको.

घाटमाथा
माल कोणता? एका खेपेला किती? रस्ता सपाट की घाटाचा? रोख की हप्ते? हे कळल्याशिवाय नाव कसं सांगणार?

पाटा_कमान
बोलेरो. विषय संपला. माझ्याकडे २०१४ पासून आहे. २५२३ सीसीचं इंजिन, कुठल्याही गावातला मेस्त्री उघडतो. पुढे बॉनेट आहे, समोरून कुणी ठोकलं तर आधी लोखंड आहे, मग तुम्ही. आणि विकायला काढली की गिऱ्हाईक दारात. आमच्याकडे तर पिकअप म्हटलं की बोलेरोच समजतात, वेगळं नाव घ्यावं लागत नाही.

द्वारका_सर्कल
सगळ्यांकडे आहे म्हणून घ्यायची, हा काय निकष झाला? सगळ्यांकडे छोटा हत्ती होता तेव्हाही लोक हेच म्हणायचे. मी नाशिकमध्ये भाजीच्या फेऱ्या मारतो, इंट्रा व्ही ३० आहे. स्टिअरिंग हलकं, केबिन मोकळी, दिवसभर चालवून खांदे दुखत नाहीत. १४९६ सीसीला डिझेल कमी लागतं. मेव्हण्याचं ऐका.

पाटा_कमान
नाशिक शहरात फिरणं वेगळं. घाटात भरल्या गाडीला दम लागतो, तिथे सीसी कामाला येतात.

द्वारका_सर्कल
सीसीने घाट चढत नाही, टॉर्क आणि गियरने चढतो. आणि दादा घाटातून जाणार आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?

शिवारवाट
माल शेतीचाच आहे, बाजारात न्यायचा. एवढं पुरे ना? भांडू नका, शुक्रवार जवळ आला.

घाटमाथा
पुरे नाही. मेथीच्या जुड्या नेणारा आणि कांद्याच्या गोणी नेणारा, दोघंही शेतीचाच माल नेतात. वजन सांगा.

मालवणी_टोपली
मारुतीची सुपर कॅरी का नाही बघत? आमच्याकडे मासळीच्या पेट्यांना तीच. पेट्रोल आणि सीएनजी. २०२० नंतर डिझेल बंद केलं, पण आवाज नाही, धूर नाही, वाडीतल्या अरुंद रस्त्यात आरामात वळते.

जुनं_इंजिन
अवांतर होईल, पण गाव बदलतं कसं यावर धागाकर्त्याने विचारलंच आहे म्हणून लिहितो. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या हलक्या ट्रकमध्ये उतरल्या: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. गाड्या देखण्या होत्या, लोक म्हणाले आता टाटा संपला. १९८६ ला टाटाचा ४०७ आला आणि टिकला, कारण तो आपल्या रस्त्यांसाठी आणि आपल्या भरण्याच्या सवयीसाठी बनवला होता. त्याआधी आकुर्डीच्या बजाज टेम्पोची तीनचाकी एवढी पसरली की आजही आपण कुठल्याही मालगाडीला टेम्पोच म्हणतो. त्या कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स झालं आणि त्याच वर्षी टाटा एस, म्हणजेच आपला छोटा हत्ती, आला, ७०२ सीसी, दोन सिलिंडर. तीनचाकीवाल्याला पहिल्यांदा चार चाकं परवडली. त्याची वीस लाखांहून जास्त विक्री झाली.

मग तो मागे का पडला? माझ्या मते गाडी बिघडली नाही, माणसाची गरज वाढली. पाऊण टनाच्या गाडीत सव्वा टन भरायचे लोक. रस्ते सुधारले, बाजार लांबचे झाले, तोच माणूस एक पायरी वर गेला आणि वरच्या पायरीवर महिंद्रा आधीच बसली होती. साडेतीन टनांखालच्या गाड्यांत आज जवळपास निम्मा बाजार त्यांचा आहे. अशोक लेलँडने निसानबरोबर २०११ ला दोस्त आणली तीही याच पायरीवर. टाटाची इंट्रा यायला २०१९ उजाडलं. उशीर तिथे झाला.

द्वारका_सर्कल
काका, छान लिहिलंत. पण टाटाची २०७ त्या पायरीवर होतीच की, नंतर योद्धा आली.

जुनं_इंजिन
होती. पण ज्याने छोटा हत्ती विकला त्याच्या नजरेसमोर ती नव्हती. हे मी गावोगावी पाहिलंय.

हिरवी_वाट
डिझेल घेऊच नका. इलेक्ट्रिक टाटा एस २०२२ मध्येच आली आहे. पुढची पंधरा वर्षं डिझेलचा भाव कोण सांगणार?

घाटमाथा
तिची एक टनाची आवृत्तीही आहे, शहरातल्या फेऱ्यांना चांगली. पण यांना अजून आपला माल किती तेच सांगता आलेलं नाही.

शिवारवाट
बरं, सांगतो. टोमॅटो. ओतूरहून माळशेज घाटाने वाशी. रात्री निघतो, पहाटे मार्केट. नारायणगावला भाव पडला की वाशीच परवडते. छोट्या हत्तीत ६० कॅरेट भरतो, क्लच प्लेट दर हंगामाला जाते. आता ९० कॅरेट न्यायचे आहेत. हंगाम नसताना गावातली भाडी, सिमेंट, खत. कर्ज काढणार आहे. वडीलही चालवतात.

घाटमाथा
हे पहिल्या ओळीत हवं होतं. आता हिशोब बघा. कॅरेटमध्ये माल २० किलो, रिकामं कॅरेट साधारण दीड किलो. म्हणजे साडेएकवीस. ६० कॅरेटचे झाले १२९० किलो. हे तुम्ही पाऊण टनाच्या गाडीत घालून माळशेजने नेता, क्लच प्लेट कशी टिकणार? ९० कॅरेटचे १९३५ किलो. म्हणजे इंट्रा व्ही ३० बाद, १.३ टनांची बोलेरो बाद, १.७ चीही बाद. दीड टनाच्या इंट्रा व्ही ५० मध्ये ६९ कॅरेट बसतात. ९० साठी दोन टनांचं पासिंग, म्हणजे कागदावर मान्य वजन, हवं: बोलेरो मॅक्स एचडी २.० किंवा योद्धा २.०. तुमचे वडील, मेव्हणा आणि चुलते नावावरून वाद घालतायत, पण तिघांच्या डोक्यातली गाडी ९० कॅरेटची नसेलही.

पाटा_कमान
बघा, शेवटी बोलेरोच आली. आणि खरं सांगू, १.३ मध्ये १०० कॅरेट नेणारे मी रोज बघतो.

कागदपत्र
नेतात, मान्य. पण जादा भाराचा दंड मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडतो तो वेगळाच. माळशेज उतरताना ब्रेक तापतात ते तर पैशाने मोजताच येत नाही.

आता मुख्य मुद्दा, जो शोरूममध्ये सहसा कुणी सांगत नाही. मालवाहू गाडीचं भरल्यावरचं एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परवाना (परमिट) लागत नाही. त्यावर गेलं की लागतो. दोन टनांची गाडी ३००० ओलांडणारच. म्हणून कोटेशनवर एकूण वजनाचा आकडा लिहून घ्या, तोंडी नको. वडिलांच्या लायसन्सची काळजी नको, ७५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते स्पष्ट केलंय. आणि कोटेशनवर जीएसटी १८ टक्के आहे ना बघा, २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी २८ होता. मेव्हण्याने जुन्या भावाशी तुलना केली असेल.

द्वारका_सर्कल
एक माझ्याकडूनही. सीझन नसताना गावातच दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणार असाल तर बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलला महिन्यातून काही वेळा लांब पळवा. सायलेन्सरमधली जाळी काजळीने भरते, ती जाळायला इंजिन तापून सलग चालावं लागतं. माझ्या आधीच्या गाडीचा दिवा लागला तो मी दुर्लक्षित केला, खर्च मोठा आला. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझीच होती.

शिवारवाट
परवान्याचं आजपर्यंत एकानेही सांगितलं नव्हतं. वर्षातून ९० कॅरेटच्या खेपा किती होतात?

घाटमाथा
ते तुम्हीच सांगायचं. मागच्या हंगामाच्या पट्ट्या, म्हणजे मार्केटच्या विक्रीच्या पावत्या, काढा आणि मोजा.

शिवारवाट (गुरुवार रात्र)
पट्ट्या काढल्या. वडील आणि मी बसलो. ४१ खेपांपैकी ९० कॅरेट होतील एवढा माल फक्त ११ वेळा होता. बाकी ५० ते ७०. वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, अकरा खेपांसाठी वर्षभर मोठा हप्ता का भरायचा? त्या वेळी भाड्याची गाडी लावू. टोकन दिलेलं नाही. दीड टनाच्या गाडीचं एकूण वजन लिहून मागितलंय, आणि ६० कॅरेट भरून माळशेजपर्यंत चालवून बघू द्या म्हणालो. शोरूमवाला मंगळवारी गाडी देतोय. मोठीसाठी भांडणारे वडीलच आता स्वतः चालवून बघणार आहेत.

पाटा_कमान
१.७ ची बोलेरो पण चालवून बघा त्याच दिवशी, त्याच मालाने. माझी एवढीच विनंती.

शिवारवाट
बघतो दादा. तिचंही वजन लिहून घेतो. छोटा हत्ती विकायचा आहे, २०१२ चा. कुणाला हवा असेल तर सांगा.

मालवणी_टोपली
किती चाललाय? फिटनेस कधीपर्यंतचं आहे? आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी लागतं.