प्रथितयश की प्रतिथयश?

‘प्रतिथयश कंपनीत नोकरीची संधी’ असं छापलेलं कात्रण भाचीने पुढे केलं. “मावशी, प्रतिथयश म्हणजे नक्की काय गं?”

असा शब्दच नाही. शब्द आहे ‘प्रथितयश’. थ आधी, त नंतर. प्रतिष्ठा, प्रतिनिधी, प्रतिसाद हे शब्द तोंडात इतके बसलेत की जीभ आपोआप ‘प्रति’कडे वळते आणि तेच लिहिलं जातं. पण ‘प्रतिथ’ला काही अर्थ नाही. ‘प्रथित’ म्हणजे पसरलेलं, म्हणून सगळ्यांना ठाऊक झालेलं. धातू प्रथ्, पृथ्वी त्याच घरातली. ज्याचं यश दूरवर पसरलंय तो, ती किंवा ते प्रथितयश. यश शब्दातच आहे, तेव्हा ‘प्रथितयश मिळवलेली संस्था’ असं लिहू नये.

मला हा शब्द आवडतो तो कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेमुळे. तिथे सूत्रधाराला विचारतात, भास, सौमिल्ल यांच्यासारख्या ‘प्रथितयशसाम्’ कवींची नाटकं सोडून या आजच्या कालिदासाचं कशाला? त्या वाक्यात कालिदास नवखा आहे! काम लोकांपर्यंत पोचून मुरायला जो काळ लागतो, तो या शब्दात तेव्हापासून आहे.

म्हणून 1919 साली सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेला प्रथितयश म्हटलं तर कुठे खटकत नाही. गेल्या दिवाळीत उघडलेल्या क्लासच्या पत्रकावर मात्र खटकतं. नुसतं वयही पुरत नाही. साठ वर्षांची, पण तालुक्याबाहेर कुणाला माहीत नसलेली पतसंस्था जुनी असते, भरवशाचीही असेल, प्रथितयश नव्हे.

प्रथितयशच्या जागी ‘प्रस्थापित’ घ्यायचा तर जपून वापरावा. जम बसलेला हा त्याचा सरळ अर्थ, पण दलित साहित्याच्या चळवळीने त्याला धार आणली. आता ‘प्रस्थापित’ म्हटलं की जागा अडवून बसलेले डोळ्यांपुढे येतात. सत्काराच्या भाषणात तो नको. ‘नामांकित’ मराठीत छान रुळलेला आहे. फक्त हिंदीत त्याचा अर्थ नामनिर्देशित, आणि ‘पुरस्कारासाठी नामांकित’ अशा बातम्यांमुळे तो आपल्याकडेही शिरतोय.

भाचीने अर्जात ‘आपल्या प्रथितयश संस्थेत’ लिहिलं होतं. ते राहू दे म्हटलं, लेखी मराठीत शोभतं. घरी आईला सांगताना ती म्हणाली, “चांगलं नाव आहे गं त्या कंपनीचं.” अर्थ अगदी तोच.