उन्हाळ्यात पॉलीहाऊसमध्ये काकडी की ढोबळी? की सरळ मोकळं ठेवायचं?

काळीमाती (जालना): माझं दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस (प्लास्टिकच्या कागदाचं हरितगृह) आहे. जुलैत लावलेली रंगीत ढोबळी मिरची दोन वर्षं मेपर्यंत ओढत नेली, आणि दोन्ही वर्षी एप्रिलात फुलांचा सडा पडला. कळी देठापासून पिवळी पडायची आणि बोट लागलं की गळायची. जी फळं धरली त्यांच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरे चट्टे.

माझं मत आता पक्कं झालंय. मराठवाड्यात उन्हाळी ढोबळी हा निव्वळ हट्ट आहे. दिवसाचं ऊन नेट ओढून थोडंफार कमी करता येतं, रात्रीचं काय करणार? ढोबळीला रात्री २० अंशांच्या आसपास लागतं, आमच्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा २५ च्या आसपास असतं. म्हणून यंदा फेब्रुवारीतच ढोबळी काढून बिनबियाची काकडी लावणार. ३५-४० दिवसांत तोडा सुरू होतो आणि तीन महिन्यांत बेड (मातीचे उंच वाफे) मोकळे होतात. तिला परागीभवन लागत नाही, त्यामुळे जाळी घट्ट बंद ठेवता येते. उलट मधमाशी आत आली तरच फळ टोकाला फुगून बेढब होतं.

शिवनेरीची_माती (जुन्नर): दादा, दोष पिकाला देऊ नका. आम्ही दरवर्षी मेअखेरपर्यंत ढोबळी तोडतो. आत ५० टक्क्यांची शेडनेट, छताच्या कागदावर चुन्याचा हात, आणि दुपारी फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारे नोझल) अर्धा-एक मिनिट चालवून बंद, पुन्हा थोड्या वेळाने चालू. मे महिन्यात सगळ्यांची झाडं थकलेली असतात, माल कमी येतो आणि दर तेव्हाच मिळतो. नऊ महिने जोपासलेलं झाड ऐन वेळी उपटायचं म्हणजे हातचं घालवणं.

काळीमाती (जालना): भाऊ, तुमच्या जुन्नरला रात्री वारा सुटतो, आमच्याकडे भिंती तापलेल्या असतात. फॉगरचं म्हणाल तर आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं. पंधरा दिवसांत नोझल बुजतात आणि पानांवर पांढरी खपली धरते. तुमचं तुमच्याकडे बरोबर असेल, पण ते बघून इकडचा माणूस ढोबळी धरून बसतो आणि बुडतो, माझा राग त्यावर आहे.

रानवाट (धाराशिव): दोघांचंही पटलं नाही. उन्हाळ्यात पॉलीहाऊस मोकळं ठेवा. ढोबळीनंतर काकडी म्हणजे सूत्रकृमीला, मुळांत गाठी करणाऱ्या मातीतल्या बारीक कृमींना, आयतं जेवण. एक झाड हळुवार उपटून मुळं धुवून बघा. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर काकडी लावूच नका, दुपारी वेल मान टाकतो आणि आपण पाणी वाढवत बसतो.

बेड खोलवर भिजवायचे, पारदर्शक २५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरायचा, कडा मातीत दाबायच्या, पडदे बंद करून चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळा कागद नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. एप्रिल-मेचं ऊन आपल्याला फुकट मिळतं, ते माती तापवून कृमी मारायला वापरा. मी हे केलं नाही त्या वर्षी पुढची अख्खी ढोबळी गमावली.

काळीमाती (जालना): माती तापवायला नाही म्हणत नाही. पण कर्जाचा हप्ता मोकळ्या बेडवरून निघत नाही.

सातूची_आई (सोलापूर): मला एक कळत नाही, पाण्याचा हिशोब कोणीच का मांडत नाही? दहा गुंठ्यांत काकडीची अडीच हजार रोपं धरा. भर उन्हात झाडामागे रोज दोन लिटर धरलं तरी पाच हजार लिटर. मे महिन्यात शेततळ्यात तेवढं असतं का? दोन दिवस खंड पडला की काकडी कडू होते आणि व्यापारी एक फोड चाखून अख्खा क्रेट परत करतो.

आम्ही शेडनेटमध्ये कोथिंबीर करतो. धने रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे, आणि एकदम न पेरता दर आठवड्याला दोन-दोन बेड पेरायचे. चाळीस दिवसांत जुडी हातात येते. बाहेरची कोथिंबीर उन्हाने करपते तेव्हाच आमची आठवडी बाजारात जाते. पाणी कमी लागतं, आणि पीक फसलंच तर चाळीस दिवसच जातात.

शिवनेरीची_माती (जुन्नर): ताई, कोथिंबिरीचा दर एका रात्रीत पडतो. पॉलीहाऊसचा खर्च करून जुड्या बांधायच्या हे मला नाही पटत.

सातूची_आई (सोलापूर): दर पडतो म्हणूनच थोडी थोडी पेरायची, भाऊ. अख्खं रान एका दिवशी पेरणाऱ्याचं नुकसान होतं.

काळीमाती (जालना): रानवाटदादा, आज सात बेडांतली झाडं उपटून मुळं धुतली. दाराजवळच्या दोन बेडांत गाठी निघाल्या, बाकीची मुळं पांढरी स्वच्छ आहेत. ते दोन बेड कागदाखाली घालतो. काकडी उरलेल्या सगळ्यांत न लावता विहिरीचं पाणी मोजून ठरवतो. ढोबळी मात्र काढणारच.

रानवाट (धाराशिव): गाठीची झाडं बांधावर टाकू नका, जाळा. आणि त्या दोन बेडांचं खुरपं दुसऱ्या बेडांत नेऊ नका.