नशेचे, पार्ट्यांचे सिनेमे पोरांसोबत बसून बघावेत का?

सातरस्ता
पोरगा अकरावीला आहे. क्लबमधली रात्र, गोळ्या, पावडर असला एक सिनेमा त्याच्या मोबाइलवर दिसला. घरचे म्हणतात, मोबाइल काढून घे. मी त्याच्यासोबत बसून सिनेमा शेवटपर्यंत बघितला आणि मध्ये मध्ये थांबवून बोललो. २०२३ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सिनेमाच्या 'यूए' प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पे आलेत. पण ते पालकांना कळावं म्हणून आहेत, आणि पालकच सोबत नसेल तर त्यांचा उपयोग काय?

जुळेसोलापूर
दादा, अजिबात पटत नाही. 'हरे रामा हरे कृष्णा' १९७१ चा. त्यातली बहीण शेवटी जीव देते. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? 'दम मारो दम'. शेवट शिकवायला असतो, गाणं मनात राहतं. सोळा वर्षांच्या पोराला दिवे, संगीत, मोकळी पोरं-पोरी एवढंच दिसतं, आणि दोन वर्षांनी तो शिकायला पुण्यात एकटाच राहणार असतो. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर पालकांसाठी कुलूप द्यायला लावलंय, ते वापरा की ओ.

सातरस्ता
कुलूप आमच्या टीव्हीला लागेल. त्याच्या मित्राच्या मोबाइलचं काय?

विजापूर_रोड
दोघेही पुण्यामुंबईच्या क्लबवर अडलात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी एमडी (मेफेड्रोन) या नशेच्या पावडरीचा कारखाना पकडला तो आपल्या सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत. हायवेवरून रोज जातो आपण तिथून. सिनेमात नशा नेहमी श्रीमंतांच्या पार्टीत किंवा परदेशात असते, म्हणून इथल्या आईबापांना वाटतं हे आपल्या घरातलं नाही. माझी खरी तक्रार ही आहे. गोळी घेऊन तासन्‌तास नाचताना अंगातली उष्णता जीवघेणी वाढते, हे किती सिनेमांत दाखवतात?

पार्कचौक
आमच्या घरातला एक जण यातून गेलाय, म्हणून लिहितो. आम्ही किती तरी महिने लपवलं, कारण पोलीस धरतील ही भीती. सिनेमांत तर धाड आणि बेड्याच. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणसावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. पोराशी बोलताना हे सांगा. सिनेमा दाखवा नाहीतर नका दाखवू.

जुळेसोलापूर
हे कलम आणि नंबर आज रात्रीच पोरीला सांगते. धन्यवाद दादा. पण अठरा पूर्ण होईपर्यंत असला सिनेमा आमच्या घरात लागणार नाही. माहिती मी आई म्हणून देईन, त्यासाठी मला नाचगाणं लागत नाही.

सातरस्ता
ताई, तुमची पोरगी ऐकून घेत असेल. माझा पोरगा नुसतं सांगायला बसलो की उठून जातो. सिनेमा चालू होता म्हणून तो तासभर माझ्याशेजारी बसला, आणि वर्गातल्या एका पोराबद्दल त्यानं आपणहून विचारलं. त्यासाठी मी पुन्हा बसेन.