संस्थेला आराखडा नको, अकाउंटंटचा पगार द्या

हिशोबवही
परवा आमच्या जिल्ह्यातल्या स्वयंसेवी संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सल्लागार बाईंची लांबलचक पोस्ट आली. म्हणणं असं की लहान संस्था वाढत नाहीत कारण त्यांना वाढायचंच नसतं, संस्थापक खुर्ची सोडत नाहीत, कामाचं मोजमाप नसतं, तीन वर्षांचा आराखडा नसतो आणि मग 'निधी मिळत नाही' म्हणून रडत बसतात. खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच.

मी मेळघाटच्या पायथ्याशी एका संस्थेत १४ वर्षं हिशोब बघते. बघते म्हणजे व्हाउचर, ऑडिट, सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीचे) तिमाही अहवाल, देणगीदारांच्या करसवलतीच्या ८०जी पावत्या आणि नंतर त्या देणग्यांची यादी आयकर खात्याला द्यायचा १०बीडी फॉर्म, शिवाय कार्यकर्त्यांच्या प्रवासखर्चाची भांडणं, सगळं एकटी. पण कागदावर माझं पद 'प्रकल्प समन्वयक', कारण अकाउंटंट लिहिलं की देणगीदार त्याला ॲडमिन खर्च म्हणतात आणि कापतात.

चार वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्या 'क्षमताबांधणी'साठी सल्लागार पाठवले. अमरावतीच्या हॉटेलात दोन दिवस कार्यशाळा, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या, आणि महिन्याभराने ७२ पानी आराखडा, तोही इंग्रजीत. त्यात लिहिलेलं, फायनान्स मॅनेजर नेमा, डेटासाठी वेगळा माणूस नेमा. बरोबरच आहे हो! पण त्याच कंपनीच्या पुढच्या मंजुरीत या दोन पगारांसाठी एक रुपयासुद्धा नव्हता. ज्याच्या हातात पैसा आहे त्याला हा सल्ला कोणी देत नाही, तो आम्हालाच देतात. माझा राग त्याचा आहे.

नवा_आराखडा
मी सल्लागार आहे, त्यामुळे हे माझ्यावरच आहे असं समजून उत्तर देतो. पैशाबद्दल तुमचं खरं आहे. पण ती पोस्ट सगळीच चुकीची नाही. मराठवाड्यात बचतगटांचं काम करणारी एक संस्था मी जवळून पाहिली, काम सोन्यासारखं, पण प्रत्येक व्हाउचरवर संस्थापक सरांचीच सही लागायची. सरांना हार्ट ॲटॅक आला. दुसरी सही कोणाची याचा ठराव नाही, बँक ऐकेना, ३० जणांचे पगार तीन महिने अडकले. दोन पोरं काम सोडून पुण्याला गेली ती परत आली नाहीत. दुसरी सही नेमा हे मी आधी दोनदा लिहून दिलेलं, दोन्ही वेळा 'बघू' म्हणाले. याला पैसे लागत नव्हते. तुमच्या त्या ७२ पानांतली किती पानं कोणी वाचली, हेही सांगा.

कोरडवाहू
आधी 'वाढणं' म्हणजे काय ते ठरवा की. पाच गावांचं पन्नास गावं, पन्नासाचं पाचशे, हीच एक वाढ का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०११ पासून सरकारने तीच पद्धत देशभरातल्या आशा सेविकांकडे दिली. संस्था गडचिरोलीतच राहिली, पद्धत सगळीकडे गेली. आणि आमच्याकडे येणारा प्रत्येक टायवाला विचारतो, पुढच्या वर्षी किती जिल्हे? आमची पाणलोटाची सहा गावं आहेत, ती नीट उभी राहायला अकरा वर्षं लागली, मी सातवं गाव घेणार नाही म्हटलं तर यांच्या लेखी माझ्यात दृष्टी नाही.

नवा_आराखडा
सर्चचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे! बंग पतीपत्नी जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले, त्या गावांमधला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बाळाचा मृत्यू नोंदला म्हणून तर जगाने ऐकलं. मोजमाप नसतं तर ते काम ३९ गावांतच राहिलं असतं. तुमच्या सहा गावांत विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला कोणी लिहून ठेवतं का?

कोरडवाहू
पहिली चार वर्षं लिहिली. मग लिहिणारा मुलगा तलाठी झाला. नंतरची नाहीये. हो, ती चूक आमची.

ताळेबंद
मी सीए, ४०-४५ ट्रस्टचं ऑडिट करतो. पैशाच्या मुद्द्यावर एक गैरसमज दूर करतो, कारण सीएसआरवाले स्वतःच तो पसरवतात. ५ टक्क्यांची जी मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. संस्थेच्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांचा थेट खर्च त्यात येत नाही. तरी दर महिन्याला कोणीतरी 'कायद्यात ५ टक्केच बसतं' असा मेल घेऊन माझ्याकडे येतं. नियम दाखवा आणि भांडा.

दुसरं, मोठ्या कंपन्यांना १ कोटी किंवा जास्तीच्या प्रकल्पांचं इम्पॅक्ट असेसमेंट बाहेरच्या एजन्सीकडून करावं लागतं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर वर्षाच्या सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यातलं जे जास्त तेवढं खर्चात धरता येतं. म्हणजे काम मोजायला ५० लाखांपर्यंत बिनबोभाट, आणि त्याच कामाची वही लिहिणारीचा पगार मात्र डोळ्यात खुपतो. परदेशी निधीतली प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आणली, शिवाय मोठ्या संस्थेने तो पैसा पुढे लहान संस्थेला द्यायलाही बंदी आली. खेड्यातल्या कितीतरी संस्थांचा ऑफिसखर्च तेव्हापासून उघड्यावर पडला.

दुसरी_पिढी
'संस्थापकांनी बाजूला व्हा' यावर बोलायचंय. आमच्याकडे बाबा झाले बाजूला, सल्लागारांचंच ऐकून. नवीन विश्वस्त मंडळ, बाहेरच्या तीन चांगल्या व्यक्ती, ठराव, सगळं रीतसर. मग धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला, म्हणजे नव्या विश्वस्तांची नोंद करून घ्यायचा अर्ज. एका जुन्या विश्वस्ताने हरकत घेतली. आज सहा वर्षं झाली. शेड्यूल वनच्या, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या, नकलेवर अजून जुनीच नावं, त्यातली दोन माणसं हयात नाहीत. बँक नकलेवरची नावं मागते, देणगीदारही तीच मागतात, आणि नवे विश्वस्त म्हणतात आम्ही सह्या कशाच्या जोरावर करायच्या. सल्ला देणाऱ्यांच्या स्लाइडवर बदल अर्ज हा शब्दच नव्हता.

कोरडवाहू
आमचा नऊ वर्षं पडून आहे. वकील दोन झाले.

हिशोबवही
आमच्याकडे विश्वस्तांच्या २०१६ च्या निवडणुकीचा बदल अर्जच दिला नाही हे २०२१ मध्ये कळलं. ९० दिवसांत द्यायचा असतो हे मंडळातल्या कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

ताळेबंद
२०१७ च्या दुरुस्तीत तात्पुरत्या मंजुरीची सोय आली, हरकत नसेल तर काम पुष्कळ लवकर होतं. हरकत आली की मात्र चौकशी, पुरावे, तारखा. आणि एक अर्ज अडकला की त्याच्यानंतरचे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे राहतात. म्हणून निवडणुकीआधीच रुसलेल्या माणसाशी बसून बोला, सभेची नोटीस पोचल्याची पोच घ्या. निम्म्या हरकती 'मला नोटीसच मिळाली नाही' याच असतात.

पाणवठा
एक विचारू का, दुसरी_पिढी? 'बाबा बाजूला झाले' आणि आता सूत्रं तुमच्याकडे. संस्था म्हणजे वडिलोपार्जित शेत आहे का, सातबाऱ्यावर वारस लावायला? त्या जुन्या विश्वस्ताने हरकत घेतली त्याला काही कारण असेल ना? मी वीस वर्षं कार्यकर्ता होतो एका संस्थेत, साडेनऊ हजारांवर. साहेबांचा मुलगा बाहेरून शिकून आला आणि आल्याआल्या संचालक झाला. आम्हाला निरोपाचा नारळ.

दुसरी_पिढी
तुम्ही मला ओळखत नाही, तोंडाला येईल ते बोलू नका. मी विश्वस्त नाहीये, पगारी आहे, आणि माझ्या वर जी संचालक आहे ती आमच्याच आश्रमशाळेत शिकलेली मुलगी आहे. हरकत का घेतली तर त्यांच्या मेव्हण्याचं बांधकामाचं बिल नव्या मंडळाने थांबवलं म्हणून. तुमच्यावर अन्याय झाला असेल, त्याचा जाब मला विचारू नका.

पाणवठा
ठीक आहे. तुमच्याबद्दल बोललो ते मागे घेतो. पण संस्था वाढवायच्या या सगळ्या चर्चेत कार्यकर्त्याच्या पीएफचा विषय कोणी काढत नाही, इथेही इतका वेळ कोणी काढला नाही. मला वीस वर्षांचा पीएफ मिळालेला नाही, कारण कागदावर मी 'मानधनावर' होतो.

नवा_आराखडा
यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि बदल अर्जाबद्दलही मान्य करतो, मी नऊ संस्थांना मंडळ बदलायचा सल्ला दिला, पुढे धर्मादाय कार्यालयात काय झालं हे फक्त दोघांकडे विचारलं. आमची फी आराखडा दिला की संपते, त्यामुळे आम्हीही संपतो. तरी हिशोबवही ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

हिशोबवही
राहिलं नाही, काल रात्री कपाटातून काढून वाचला तो आराखडा, मुलीला शेजारी बसवून. ७२ पैकी साठेक पानं कुठल्याही संस्थेला चालतील अशीच आहेत. पण ३८व्या पानावर लिहिलंय की चेक, कॅशबुक आणि बँकेचा मेळ एकाच व्यक्तीच्या हातात आहे, ती व्यक्ती आजारी पडली तर काम थांबेल. ती व्यक्ती मी. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तेव्हा थांबलंच होतं, कार्यकर्त्यांचे पगार दीड महिना उशिरा झाले. हे मराठीत एका पानावर लिहून दिलं असतं आणि कोणी चार महिने येऊन एखाद्या पोरीला शिकवलं असतं, तर मी हा धागा काढलाच नसता. पगाराचं म्हणणं माझं तेच आहे, त्यात काही बदल नाही.

ताळेबंद दादा, आमच्या २०१६ च्या अर्जाला विलंब माफी मागायची तर २०२१ च्या निवडणुकीचा अर्ज वेगळा द्यायचा की सोबतच? प्रोसिडिंग बुक आहे, पण २०१६ च्या सभेच्या नोटिसांच्या पोचा नाहीत.