माजघर आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत पाडावी का?

खवणी (मालवण)

गुहागरच्या एका सदस्याने काल लिहिले की, कोकणातल्या घरात स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एक करणे म्हणजे घराचे घरपण घालवणे होय. ज्यांना खुले स्वयंपाकघर हवे त्यांनी मुंबईत फ्लॅट घ्यावा, आणि तसेही बायकांना काम करताना कोणाची नजर नको असते. यातील शेवटचे वाक्य वाचल्यापासून माझे मन स्वस्थ नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

आमच्या घरात स्वयंपाकघर अगदी मागे, मागील पडवीला लागून होते. त्याला एकच खिडकी होती आणि तीही पावसाळ्यात झड आत येते म्हणून चार महिने लावलेली असे. गणपतीत माजघरात पंक्तीवर पंक्ती उठत. आम्ही जावा आत वडे तळत असू आणि बाहेर कोण आले, कोण काय बोलले, हे आम्हाला ताटे उचलायला गेल्यावर कळत असे. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हा भाताचे भांडे घेऊन उंबरठा ओलांडणे हेच त्यांना संकट वाटू लागले. ही भिंत आम्ही काढली. आता ओट्यापासून टेबल चार पावलांवर आहे, सासूबाई तेथे बसून भाजी निवडतात, मुले अभ्यास करतात आणि वाढणारीही सगळ्यांबरोबर जेवते. नजरेचे म्हणाल, तर आम्हाला नजर नको नसून एकटेपण नको आहे. हा फरक त्या आडच्या खोलीत रोज उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

ओटीवरचा (गुहागर)

ताई, ते वाक्य माझेच आहे. त्याने आपल्याला त्रास झाला असेल तर ‘नजर’ हा शब्द मी मागे घेतो, मात्र मुद्दा मागे घेत नाही. आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. ओटी, माजघर, बाजूला देवघर आणि मागे स्वयंपाकघर ही रचना सहज झालेली नाही. धूर, ओल, खरकटे आणि मासळी ही सारी मागच्या दारी राहावीत व पुढचे घर कोरडे राहावे, हा त्यामागचा विचार आहे. आमच्याकडे पावसाळ्यात सुके बोंबील आणि जवळा भाजला जातो. तो वास आज एका खोलीत राहतो. भिंत गेली की तो माजघरातल्या गाद्यांत, पडद्यांत आणि माळ्यावरच्या कपड्यांतही बसेल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये येथे रुमाल वाळत नाही तेथे गाद्या कोठे वाळवणार?

दुसरे असे की, आईचे सोवळे आहे. देवाचा नैवेद्य होईपर्यंत तिला स्वयंपाकघरात चपला, दप्तरे आणि येणारेजाणारे नको असतात. हे कोणाला जुनाट वाटेल, परंतु घर तिचेही आहे.

चिरा आणि तुळई (रत्नागिरी)

दोन्ही बाजूंनी भावनेचे पुष्कळ झाले. ती भिंत काय पेलते आहे, हे कोणीच विचारलेले नाही. मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून एवढेच सांगतो. जुन्या घरांत माजघराच्या माळ्याच्या तुळया बहुधा याच भिंतीवर टेकलेल्या असतात, आणि जांभ्याचे चिरे अनेक ठिकाणी केवळ मातीच्या गिलाव्यात रचलेले असतात. अशा भिंतीत दाराएवढे भगदाड पाडणे वेगळे आणि दहा फूट भिंत काढणे वेगळे. आधी माळा रिकामा करावा लागतो, तुळयांना दोन्ही बाजूंनी टेकू द्यावे लागतात, त्यानंतर लोखंडी गर्डर बसवावा लागतो, आणि गर्डरची टोके जेथे टेकतात तेथील चिरे काढून सिमेंट काँक्रीटची बैठक करावी लागते. मिस्त्री जर ‘काही होत नाही, पाडू या’ म्हणाला, तर त्याला त्याच पावली परत पाठवावे.

गॅसचाही विचार व्हायला हवा. आपला १४.२ किलोचा सिलिंडर ज्या वायूने भरलेला असतो तो हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. ज्या घरांत स्वयंपाकघर माजघरापेक्षा पायरीभर खाली आहे, तेथे तो त्या खोलगट भागातच राहतो. त्यामुळे खोल्या एक करताना जमीन एका पातळीवर आणणे आणि सिलिंडरच्या जागेला अगदी खाली जाळी ठेवणे आवश्यक आहे. मात्र जमीन भरावाने उचलली की ओटाही तेवढाच उचलावा लागतो, आणि मग खिडकीची चौकट ओट्याच्या खाली जाते. हा हिशेब भिंतीला हात लावण्याआधी कागदावर झाला पाहिजे.

आणखी एक गोष्ट, जी टेबल आणल्यावरच लक्षात येते. जेवायला बसल्यावर पंखा हवा असतो, आणि तोच पंखा शेगडीची ज्योत फडफडवतो.

खवणी (मालवण)

गर्डरचे मला मान्य आहे. आम्हीही तो घातला आहे. पंख्याचेही मान्य करते, पण त्यासाठी भिंत ठेवण्याची गरज नाही. पंखा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला घ्यावा आणि शेगडी आतल्या कोपऱ्यात ठेवावी. वासासाठी धूर ओढणारी चिमणी मिळते. फक्त तिची नळी कौलांतून वर काढू नये, कारण पहिल्या मोठ्या पावसात तेथूनच गळती सुरू होते; ती बाजूच्या भिंतीतून काढून तोंड खाली वळवावे. मासे साफ करणे आणि सुकी मासळी भाजणे आम्ही आजही मागील पडवीतच करतो, कारण पडवी आम्ही पाडलेली नाही.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

भिंतीवर एवढी चर्चा चालली आहे, पण त्या भिंतीच्या जागी लोक जे आणून बसवतात त्याविषयी कोणी बोलत नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या घरात गळ्याएवढे पाणी होते. ते ओसरले तेव्हा नव्या पद्धतीच्या स्वयंपाकघराची सारी कपाटे भिजून फुगली होती. ट्रॉल्या चॅनेलमध्ये चिखलाने अशा घट्ट बसल्या होत्या की त्या पहारीने काढाव्या लागल्या, आणि आतला भुसा हाताला लागत होता. शेजारच्या घरी कडप्प्याचा जुना ओटा आणि कडप्प्याच्याच फळ्या होत्या. त्यांनी नळीने पाणी मारून चिखल काढला आणि त्याच ओट्यावर पुन्हा चहा ठेवला. आम्हाला कपाटे विकणाऱ्या दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून पैसे घेतले होते. कोकणात स्वयंपाकघर नवे करणाऱ्याने भिंत पाडावी अथवा राखावी, परंतु लाकडाच्या भुशाचे काही घरात आणू नये.

रंधा (देवगड)

मी सुतारकाम करतो, त्यामुळे वरील मजकुराला उत्तर देणे मला भाग आहे. भुश्याचे बोर्ड आणि प्लायवूड यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. आयएस ७१० हे मरीन प्लायवूडचे मानक आहे. तो शिक्का पाहून माल घेतला, कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी लावली आणि कपाट जमिनीपासून चार-सहा इंच उचलून स्टीलच्या पायांवर उभे केले, तर पावसाळ्याची ओल त्याचे काही बिघडवत नाही. गळ्याएवढ्या पुरात तर दिवाणही वाचत नाही; म्हणून कोणी जमिनीवर झोपत नाही. समुद्राजवळच्या घरांत खरा शत्रू खारा वारा आहे. तेथे ३०४ दर्जाच्या स्टीलवरही काही काळाने तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते खारेपणाला जास्त तोंड देते, पण ते महाग असते आणि गिऱ्हाईक नेमके तेथेच पैसे वाचवते.

कडप्प्याचे एवढे कौतुक करणाऱ्यांनी हेही सांगावे की तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे आणि त्याला आंबट चालत नाही. कोकमाचे आगळ रात्रभर सांडून राहिले, तर सकाळी तेथे पांढुरका, खरबरीत डाग दिसतो आणि तो पुसून जात नाही. ज्या घरात रोज सोलकढी होते तेथे कामाच्या जागी ग्रॅनाइटच हवा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

दिवाणाची बरोबरी येथे लागू होत नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरले नाही त्यांनी शिक्क्याच्या आणि मानकाच्या गोष्टी सांगणे सोपे आहे. आम्ही कपाटे घेतली तेव्हा आम्हालाही शिक्काच दाखवला होता. आगळाच्या डागाचे आपण म्हणता ते खरे असेल, पण डाग पडलेल्या ओट्यावर स्वयंपाक होतो आणि फुगलेल्या कपाटात काहीही ठेवता येत नाही. आपल्या धंद्याचा प्रश्न आहे म्हणून आपण बोलता, हे आम्हाला समजते.

रंधा (देवगड)

माझ्या धंद्यावर येण्याचे कारण नव्हते. मी कडप्प्याच्या मांडणीला दारे लावण्याची कामेही घेतो आणि त्यात मजुरी कमी पडत नाही. सिंकखालच्या जागेपुरते मात्र आपले म्हणणे मानतो. तेथे कोणतेही प्लायवूड टिकत नाही, कारण जांभा पाणी पितो आणि सिंकमागची भिंत बाराही महिने दमट राहते.

पानगळ (दापोली)

मूळ प्रश्नाकडे परत यावे, ही विनंती. ‘आखीव स्वयंपाकघर’ ही कल्पना जेथून जगभर पसरली, तेथेही हाच वाद झाला आहे. मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. बाईची पावले आणि वेळ वाचावा, हा त्यामागचा चांगला हेतू होता. पुढे त्यावर टीका झाली ती हीच की, त्या नेटक्या खोलीत बाई एकटी पडली आणि तेथे दुसऱ्याला मदतीला उभे राहायलाही जागा उरली नाही. खवणीताई जे सांगत आहेत ते याहून निराळे नाही.

ओटीवरचा (गुहागर)

फ्रँकफुर्टच्या सदनिकेला मागील पडवी नव्हती आणि माजघरही नव्हते. आमच्या स्वयंपाकघरात चार बायका विळ्या मांडून बसू शकतात. तेथे एकटेपण कोठून आले? शिवाय निसर्ग वादळानंतर आम्ही छपरावर एवढा खर्च केला आहे की, आता त्याच छपराखालची भिंत हलवण्याची माझी तयारी नाही.

पानगळ (दापोली)

चार बायका बसू शकतात, हे खरे. पण आज आपल्या घरी किती असतात? आमच्या गावातल्या बहुतेक घरांत आता दोनच माणसे राहतात, आणि मुंबईकर येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. आपण एवढे लिहिलेत, पण रोजचा स्वयंपाक आपल्या घरी कोण करते आणि त्यांचे म्हणणे काय आहे, हे एका ओळीतही आलेले नाही.

ओटीवरचा (गुहागर)

मी त्यांची पत्नी लिहीत आहे. हे सारे मला वाचायला दिले, आणि तुझे म्हणणे तूच लिही, असे सांगितले.

रोजचा स्वयंपाक मी करते आणि नैवेद्याचा सासूबाई करतात. मला सगळी भिंत पाडून नको आहे आणि आहे तशीही नको आहे. सध्याचे दार इतके अरुंद आहे की परात आडवी धरून नेता येत नाही. दाराच्या बाजूची सहा फूट भिंत काढावी आणि शेगडीमागची तशीच ठेवावी, म्हणजे पंख्याचा वारा ज्योतीला लागणार नाही आणि सासूबाईंचा कोपराही त्यांचा त्यांना राहील. ती सहा फूट काढण्याआधी तुळया कोठे टेकल्या आहेत हे इंजिनिअरला दाखवावे, यावर घरात एकमत आहे. खालची पायरी मात्र भरून काढायची आहे, कारण संध्याकाळी वीज गेली की माझा पाय तेथेच चुकतो.

टेबल सहा माणसांचेच घ्यावे आणि त्याच्यामागे खुर्ची सरकवून माणूस जाईल एवढी तीन फूट जागा सोडावी. पाहुणे आले की टेबल भिंतीला लावून खाली पंगत मांडता येते. ओटा ३४ इंचांचा करावा. आताचा ओटा पाहुण्या मिस्त्रीच्या उंचीने बांधला गेला आणि भाकरी थापताना माझे खांदे दुखतात. मासळी मागील पडवीतच राहील. त्यासाठी पडवीत सिंक, नळ आणि दुसरी शेगडी हवी आहे, आणि सिंकच्या पाइपला फुटामागे पाव इंच उतार हवा, म्हणजे खवले अडकणार नाहीत. आजवरच्या चर्चेत पडवीचे नाव सगळ्यांनी घेतले, परंतु तिच्यासाठी पैसे बाजूला ठेवा असे कोणी म्हटले नाही. माझ्या मते पहिला खर्च तेथे व्हावा आणि मग माजघरात हात घालावा.

खवणी (मालवण)

वहिनी, सहा फूट पुरणार नाही असे मला अजूनही वाटते, आणि शेगडीमागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले की माजघर भिंतीआडच राहते. निदान ओट्याचा एक हात टेबलाकडे वळवून घ्या, म्हणजे भाजी चिरताना तरी माणसे समोर असतील. पडवीबद्दल मात्र आपण लिहिले ते मी आधीच लिहायला हवे होते, इतके ते बरोबर आहे.

चिरा आणि तुळई (रत्नागिरी)

सहा फुटांना गर्डर लहान लागेल आणि टेकूही थोड्या दिवसांसाठी पुरतील. काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे. भरावाला आणि गिलाव्याला सुकायला वेळ मिळाला पाहिजे, आणि मेच्या अखेरीस भिंत उघडी असलेले घर कोणाचेही नसावे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

वहिनींनी सारे लिहिले, पण सिंकखाली काय करणार ते लिहिले नाही. तेथे कडप्प्याची मोकळी मांडणी करावी आणि दार लावायचेच असेल तर जाळीचे लावावे. फळ्या भिंतीत निदान दोन इंच आत घ्यायला मिस्त्रीला सांगा. नुसत्या सिमेंटने चिकटवलेली फळी पाण्याच्या हंड्याखाली सुटते.