मुलीला सहावीपासून निवासी शाळेत घालायचंय: फी, संस्थेचे हिशेब आणि शिक्षण याबद्दल सल्ला हवा

माणगंगा

नमस्कार मंडळी. लेक पाचवीत आहे. आमची दोघांचीही बदलीची नोकरी, दर तीन वर्षांनी नवं गाव, नवी शाळा. आता सहावीपासून तिने एका जागी दहावीपर्यंत शिकावं असं वाटतं. तिला स्वतःलाही जायचंय, हे आधीच सांगते, म्हणजे "एवढ्या लहान मुलीला कशाला पाठवता" हा विषय निघणार नाही.

दोन शाळा डोळ्यांसमोर आहेत. एक पुणे जिल्ह्यात डोंगरावर, जुन्या न्यासाची. दुसरी आमच्याच भागात, नवी, भव्य इमारत, स्विमिंग पूल, घोडे वगैरे. दोन्हींच्या माहितीपुस्तकात "ना-नफा शैक्षणिक संस्था" असं ठळक छापलंय आणि दोन्हींची फी वर्षाला चार लाखांच्या पुढे आहे. नफा नाही तर एवढे पैसे जातात कुठे, हे मला समजून घ्यायचंय. पाच वर्षांचे वीस-बावीस लाख होतात, आमच्यासाठी ही रक्कम थोडीथोडकी नाही. शिवाय "समग्र विकास", "अनुभवाधारित शिक्षण" हे शब्द दोन्हीकडे आहेत. त्यातलं खरं किती हे भेटीत कसं ओळखायचं?

डोंगरवाट

ताई, माझा मुलगा सह्याद्री स्कूलमध्ये आहे, राजगुरुनगरजवळ तिवई टेकडीवर, चासकमान धरणाच्या पाण्याकाठी. कृष्णमूर्ती फाउंडेशनची शाळा, १९९५ची. आंध्रातली ऋषी व्हॅली आणि वाराणसीची राजघाट या तिच्या थोरल्या बहिणी.

पैशाचं जाणकार सांगतील, मी शिक्षणाचं सांगतो. इथे पहिला-दुसरा नंबर, बक्षीस, तुलना यावर भर नाही. शिक्षक आवारातच राहतात, मुलांबरोबर जेवतात. दहावीला परीक्षा बोर्डाचीच असते, त्यातून सुटका नाही, पण त्याआधीच्या वर्षांत माती, सुतारकाम, संगीत, डोंगरात भटकणं यांना वेळापत्रकात हक्काची जागा आहे. ही वेळापत्रकाची गोष्ट महत्त्वाची. शाळा पाहायला जाल तेव्हा माहितीपुस्तक बाजूला ठेवा आणि त्या वर्गाचं चालू आठवड्याचं वेळापत्रक मागा. हस्तकला शनिवारी शेवटच्या तासाला ढकलली असेल तर अनुभवाधारित शिक्षण तेवढंच आहे असं समजा.

आणि भेट उद्घाटनाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी नको. साध्या बुधवारी दुपारी जा आणि पंगतीत बसा. आम्ही गेलो तेव्हा सातवीतली मुलं वाढत होती, गणिताचे सर त्यांच्याच ओळीत ताट घेऊन उभे होते. कोणीतरी आमटी सांडली, तर ज्याने सांडली त्यानेच फडकं आणलं, कोणी ओरडलं नाही. त्या अर्ध्या तासात मला शाळा कळली.

फी मात्र कमी नाही. ते मनाशी धरूनच चला.

जमाखर्च

मी सीए आहे, न्यासांची लेखापरीक्षणं करतो, त्यात निवासी शाळाही असतात. सविस्तर लिहितो, कारण याबाबत पालकांमध्ये फार गैरसमज आहेत.

ना-नफा म्हणजे स्वस्त नव्हे आणि शिल्लक उरतच नाही असंही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात स्पष्ट केलं की शाळेने नफेखोरी करायची नाही, पण विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवता येते. आयकरात सूट हवी तर न्यासाने उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करायला हवेत. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तत्त्व तेच आहे.) आता इथे मेख आहे. फीच्या पैशातून इमारत बांधली तरी तो खर्च उद्दिष्टावरचाच धरला जातो. म्हणजे कागदोपत्री पूर्ण ना-नफा असलेली संस्था तुमच्या फीतून शिक्षकांना चांगले पगार देऊ शकते, किंवा पगार आखडून दर वर्षी एक मजला चढवू शकते. कायद्याच्या नजरेत दोन्ही चालतं. तुमच्या मुलीच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या शाळा आहेत.

म्हणून हिशेब पाहा. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि १९५०च्या कायद्याप्रमाणे दर वर्षी लेखापरीक्षण अहवाल दाखल करतो. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. आधी शाळेकडेच मागा. चांगली संस्था पालकाला हे नाकारत नाही, असा माझा अनुभव आहे. नाही दिलं तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात नकलेसाठी अर्ज करता येतो. तिथेच शेड्यूल वनचा उतारा मागा, त्यात विश्वस्त कोण आणि न्यासाच्या नावावर मालमत्ता कोणती हे दिसतं. संस्था कलम आठची (म्हणजे ना-नफा) कंपनी असेल तर तिचे कागद कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून पाहता येतात.

पाहायचं काय? सगळ्यात आधी पगाराची ओळ. एकूण खर्चात तिचा वाटा किती, आणि तीन वर्षांत तो वाढतोय की आकसतोय. मग भाडं. शाळेची जमीन न्यासाची आहे की विश्वस्तांच्या घरच्या कंपनीची? मी असे ताळेबंद पाहिलेत जिथे फी भरपूर, शिल्लक शून्य, आणि भाड्यापोटी मोठी रक्कम दर वर्षी एकाच कुटुंबाकडे जाते. विश्वस्तांना किंवा नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त पैसे दिले तर करसूट धोक्यात येते, पण वाजवी किती यावर वाद घालत वर्षं निघून जातात. बस, भोजनगृह, गणवेश यांची कंत्राटं कोणाला, हेही त्याच नजरेने पाहा.

तिसरी गोष्ट कॉर्पस, म्हणजे कायम निधी. याला हात लावायचा नसतो, फक्त व्याज वापरायचं. शिष्यवृत्तीचा सगळा खेळ इथे आहे. समजा ३०० मुलं आणि दर मुलामागे खर्च ४ लाख, म्हणजे वर्षाला १२ कोटी. शाळा म्हणाली की दहातल्या एका मुलाला आम्ही मोफत शिकवतो. कॉर्पस नसेल तर हे १२ कोटी उरलेल्या २७० पालकांकडून यायला हवेत, म्हणजे प्रत्येकी साधारण ४ लाख ४४ हजार. तेच ३० मुलांचे १ कोटी २० लाख व्याजातून काढायचे तर सात टक्क्यांनी सतरा कोटींचा निधी लागतो. फार थोड्या संस्थांकडे एवढा असतो. पालकांच्या फीतून गरीब मुलं शिकत असतील तर मला ते चांगलंच वाटतं, पण शाळेने तसं उघड सांगावं.

जाता जाता: बारावीपर्यंतच्या शालेय शिक्षणावर जीएसटी नाही, त्यामुळे फीवर कोणी लावत असेल तर विचारा. मात्र शाळा स्वतः बांधकामावर जो जीएसटी भरते त्याची वजावट तिला मिळत नाही, तो खर्च शेवटी फीत येतो. आणि तुमची आयकरातली ८०सीची सवलत फक्त शिकवणी शुल्कावर, तीही जुन्या करपद्धतीत. वसतिगृह, भोजन, देणगी त्यात बसत नाही.

माणगंगा

जमाखर्च, मनापासून आभार. तुमचं वाचल्यावर एक गोष्ट खटकायला लागली, विचारूनच टाकते. नव्या शाळेने प्रवेशाच्या वेळी "बांधकाम निधी" म्हणून एक लाख मागितलेत. पावती वेगळ्याच एका प्रतिष्ठानच्या नावाने मिळेल म्हणाले, आणि "८०जी (देणगीवरची आयकर वजावट) पण मिळेल, तुमचाच फायदा" असंही. हे नेहमीचं असतं का?

जमाखर्च

पाहायला नेहमी मिळतं, म्हणून ते योग्य ठरत नाही. देणगी स्वेच्छेची असते. प्रवेशाच्या बदल्यात घेतली की ती कॅपिटेशन फी, आणि महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने तिला बंदी आहे. अशा सक्तीच्या रकमेवर ८०जीची वजावट घेणंही चुकीचं, चौकशी झाली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. लेखी विचारा: "ही रक्कम न भरल्यास प्रवेश मिळेल का?" उत्तर लेखी येतं का ते बघा.

अजून एक. २०११चा शुल्क विनियमन कायदा राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या खासगी शाळांना लागू आहे. व्यवस्थापनाने सुचवलेली फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते, आणि मंजूर झाली की दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. त्या समितीच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त मागा. निवासी शाळांत पालक दूरदूरचे असतात, बैठकीला येत नाहीत, आणि समिती नुसती कागदावर राहते.

शाहूबोर्डिंग

माझे वडील साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात शिकले, त्यामुळे राहवत नाही. वसतिगृह आणि पैसा हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी फार मोठ्या माणसांनी हाताळलाय. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊरावांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि त्यांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. वडील सांगायचे की मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. "कमवा आणि शिका" म्हणजे खर्च भागवण्याची रीतही होती आणि शिक्षणही तेच होतं.

म्हणून चार लाखांच्या दोन शाळांपुरतं पाहू नका. ज्ञान प्रबोधिनीचं हराळीचं केंद्र बघा, धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे काम उभं राहिलं, त्यातूनच निवासी शाळा आली. मराठी माध्यम, शेतीशी जोडलेलं शिक्षण. स्विमिंग पूल नाही, पण मुलं झाडं लावतात आणि ती जगवतात.

नवोदयही आहेच. सरकारी आहे, धाग्याच्या विषयाबाहेर जातं, पण सहावीचीच प्रवेश परीक्षा असते आणि राहणं-जेवण मोफत. लेक पाचवीत आहे, तर अर्जाची तारीख चुकवू नका.

हॅरिसबर्गकर

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथून अर्ध्या तासावर मिल्टन हर्शी स्कूल आहे, चॉकलेटवाल्या हर्शींची. मूल नसलेल्या त्या जोडप्याने १९०९मध्ये अनाथ मुलग्यांसाठी सुरू केली, आणि १९१८मध्ये हर्शींनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती शाळेच्या न्यासाला दिली. आजही चॉकलेट कंपनीचं नियंत्रण त्या न्यासाकडे आहे. कमी उत्पन्नाच्या घरांतली दोन हजारांच्या आसपास मुलं-मुली तिथे राहतात आणि शिक्षण, जेवण, कपडे, औषधपाणी यातलं काहीच त्यांना विकत घ्यावं लागत नाही. घरासारख्या छोट्या वास्तूंमध्ये एकेक जोडपं मुलांसोबत राहतं. जमाखर्च यांनी मांडलेलं कॉर्पसचं गणित पूर्ण झालं की काय होतं, त्याचं हे टोकाचं उदाहरण.

मला इथली एक पद्धत फार आवडते. बहुतेक ना-नफा शाळांना फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कोणालाही इंटरनेटवर वाचता येतो. मुख्याध्यापकाचा पगार, मोठे कंत्राटदार, संचालकांशी झालेले व्यवहार, सगळं त्यात असतं. आपल्याकडे धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करावा लागतो, तो इतका सहज झाला तर अर्धे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत.

खडूफळा

निवासी शाळेत शिकवते, संस्थेचं नाव लिहीत नाही. ताई, एकच प्रश्न विचारा: "इथले किती शिक्षक पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहेत?" मी आधी ज्या शाळेत होते तिथे माझ्या वर्गाला एका वर्षात विज्ञानाचे तीन शिक्षक झाले. राहायला एक खोली, रात्री वसतिगृहाची ड्युटी, सकाळी पीटी, आणि पगार गावातल्या शिकवणीवाल्यापेक्षा कमी. कोण टिकेल? रेक्टरही सतत बदलत होते, आणि रात्री पोट दुखलं तर कोणाला उठवायचं हे सहावीतल्या मुलींना माहीत नसायचं.

आताच्या शाळेत इमारत साधी आहे. पण शिक्षकांच्या मुलांना इथेच शिकता येतं, उन्हाळ्यात प्रशिक्षणाला पाठवतात, आणि आठवड्यातून एक दुपार आम्ही सगळे बसून मुलांविषयी बोलतो, त्या वेळात तास लावत नाहीत. पगाराची ओळ आणि "समग्र विकास" या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मला इथे आल्यावर समजलं.

मुलींच्या वसतिगृहात रात्री कोण असतं, तक्रार कोणाकडे करायची, बालसुरक्षेचं लेखी धोरण आहे का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका. आणि जमलं तर आठवीतल्या एखाद्या मुलीशी पाच मिनिटं एकटीने बोला.

डोंगरवाट

खडूफळा, +१. माणगंगाताई, इंग्रजी माध्यम घेणार असाल तर मराठी कोण शिकवतं आणि आठवड्याला किती तास, तेही विचारा. २०२०च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, पण ती मनापासून शिकवणारे वेगळे आणि हजेरीपुरती शिकवणारे वेगळे.

माणगंगा

सगळ्यांचे खूप आभार. नव्या शाळेला बांधकाम निधीबद्दल ईमेल केलाय. उत्तर फोनवर आलं: "मॅडम, प्रत्यक्ष येऊन बोला." लेखी द्या म्हटलं, ते अजून आलेलं नाही. आता ती शाळा आमच्या यादीतून गेली.

डोंगरावरच्या शाळेने दोन वर्षांचं उत्पन्न-खर्च पत्रक लगेच पाठवलं. पगाराचा वाटा निम्म्याहून जास्त दिसतोय. जमाखर्च, "इतर खर्च" ही ओळ मला मोठी वाटते, तपशील मागवू का? पुढच्या बुधवारी भेटीची वेळ घेतली आहे, आणि तिथून हराळीला कधी जाता येईल तेही विचारलंय. नवोदयचा अर्जही भरतेय. शाहूबोर्डिंग, तुमच्या ओळखीचं कोणी हराळीत शिकलं असेल तर व्यनि कराल का?